पुरंजनाचा रथ



गेल्या वद्य एकादशीची गोष्ट. हरिपाठ आटोपला होता आणि आम्ही तीन-चार म्हातारे मंदिराच्या ओट्यावर टेकलो होतो. आमच्या मंडळात पखवाज वाजवणारा एक मुलगा आहे. वय तिशीच्या आतबाहेर, मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी, गळ्यात माळ आणि खांद्याला कायम कॅमेऱ्याची पिशवी. तो पाया पडला आणि आपल्या नागपुरी रीतीने सरळच म्हणाला, "महाराज, ताडोब्याजवळ काम भेटून रायलं. पगार आताच्या अर्ध्याहून थोडासा वर आहे. पण जंगल भेटते. जाऊ का नको?"

सुट्टी मिळाली की हा मोहर्लीच्या वाटेला लागतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटेच्या गारठ्यात जिप्सीत बसायचे, वाघ दिसेपर्यंत श्वास रोखून धरायचा. त्याचेच शब्द सांगतो: "शिकारच म्हणा ना महाराज, फक्त रक्त नाही निघत."

ओट्यावरचा एक जण म्हणाला, "हातचा पगार सोडू नये बाबा, बायको-पोर आहे." दुसरा म्हणाला, "आयुष्य एकदाच मिळते, मनाला आवडेल ते कर." दोघेही अनुभवी, दोघांचेही खरे. मी मात्र गप्प राहिलो. पुढच्या एकादशीला ये म्हणालो. त्याला वाटले असेल, म्हाताऱ्याला सुचले नाही. तसे नव्हते. हा प्रश्न आमच्या घरात मी लहान असताना येऊन गेला होता, आणि नंतर पुन्हा एकदा वेष बदलून आला होता.

माझे मामा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीचे शहर एका दिवसात साधे शहर झाले. कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला. मामांपुढे मुंबईची खुर्ची होती, भत्ता होता, पुढची बढती होती. त्यांनी काय केले असेल? अर्ज करून चांदा जिल्ह्यातल्या एका आडगावची, कमी पगाराची जागा मागून घेतली. कारण एकच. तिथली शिकार चांगली.

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. त्या काळी वाटत नसे. शिकारीचा रीतसर परवाना मिळायचा आणि चांद्याचे जंगल म्हणजे शिकाऱ्यांची पंढरीच, ही उपमा मामांचीच, मला ती तेव्हाही खटकली होती. गोऱ्या साहेबांनीही या मुलखाची ओढ लावून घेतली होती. फोर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याने मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर लिहिलेले पुस्तक 1871 साली निघाले, त्यात सातपुड्याची राने आणि शिकार यांचे वर्णन भरभरून आहे. मामा ते पुस्तक उशाशी ठेवीत. आजी माळकरी. तिने भावा-बहिणींना सांगून ठेवले होते, त्याच्या घरचे पाणी प्या, पण त्याच्या चुलीवरचे काही खाऊ नका.

मामांना मी दुष्ट म्हणणार नाही. हाका घालायला येणाऱ्या गोंड माणसांशी ते भावासारखे वागत. मचाणावर रात्रभर बसून आले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी मोठ्या पगाराच्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही. पण त्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. त्यांची थोरली मुलगी, माझी मामेबहीण, आम्हा सगळ्या भावंडांत हुशार. तिला मास्तरीण व्हायचे होते. चौथी झाली आणि पाटी कोनाड्यात गेली. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि मामांची बंदूक जमा झाली. ज्यासाठी सगळे सोडले, ते एका कागदाने गेले. राहिला कमी पगार आणि तेच आडगाव.

आता माउली, भागवत उघडू या. चौथ्या स्कंधात नारद महर्षी प्राचीनबर्ही राजाला पुरंजनाची कथा सांगतात. हा पुरंजन राहण्याजोगी जागा शोधत सारी पृथ्वी पालथी घालतो. एकही नगर त्याच्या मनास येत नाही. का येत नाही? कारण तो गावाकडे पाहत नाही, आपल्या वासनांची यादी हातात धरून गाव मोजतो. शेवटी हिमालयाच्या दक्षिणेला नऊ दारांचे नगर दिसते आणि तिथे तो रमतो. नऊ दारांचे नगर कोणते, हे वारकऱ्याला सांगायला नको, ते आपण रोज अंघोळ घालून मिरवतो.

मग एके दिवशी हा शिकारीला निघतो. पाच घोडे, दोन चाके, एक लगाम, एक सारथी असा रथ. नारद पुढे त्याची फोड करून देतात: रथ म्हणजे देह, घोडे म्हणजे इंद्रिये, चाके म्हणजे पाप आणि पुण्य, लगाम म्हणजे मन, सारथी म्हणजे बुद्धी. हे सगळे आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितले. पण या प्रसंगात एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्यावरून मी वर्षानुवर्षे घसरत गेलो. शिकारीला निघताना त्याने बायकोला मागे सोडले, आणि भागवतकार तिथेच नोंद करतात की ती सोडून देण्याजोगी नव्हती. एवढेच. शिकार वाईट की चांगली हा वाद पुढे येतो. हिंसेचा हिशेब तर फारच कडक येतो, मारलेले पशू वाट पाहत उभे आहेत असे नारद राजाला दाखवतात. पण पहिली नोंद ही. दमूनभागून परत आल्यावर, अंघोळ-जेवण झाल्यावर, त्याला बायको आठवते. ती जमिनीवर पडलेली. तेव्हा तो दासींना विचारतो, घरात सगळे आहे, मग घराला शोभा का नाही? आणि आपणच म्हणतो, माता किंवा पतिव्रता नसलेले घर म्हणजे चाक नसलेला रथ.

(जाता जाता सांगतो. हाच पुरंजन पुढच्या जन्मी स्त्री होऊन आला तो विदर्भराजाची कन्या म्हणून. आपल्या मुलखाचा असा उल्लेख आला की मी कीर्तनात थोडा थांबत असे. लोक हसत.)

तर पगार आणि आवड यांची तुलना करताना आपण तराजूच चुकीचा धरतो, असे मला वाटते. एका पारड्यात रुपये, दुसऱ्यात मनाचा आनंद, आणि काटा कुणीकडे झुकतो ते पाहायचे. पण हे रुपये कोणाचे? एकट्याचे आहेत का?

तुकोबांकडे पाहा. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि टाळ्या घेतो. पण परंपरेने जपलेला पुढचा भाग घाईत सुटतो. कान्होबांनी आपला वाटा मागितला. तुकोबांनी अर्धी खते धाकट्या भावाला दिली आणि स्वतःच्या वाट्याचीच बुडवली. एवढे वैराग्य, दुष्काळात घर होरपळून निघालेले, तरी भावाच्या अर्ध्याला हात लावला नाही. माझ्या वैराग्याची किंमत त्याने का द्यावी? कमी पगार पत्करणाऱ्याने ही अर्धी खते आठवावीत. आपला वाटा खुशाल बुडवावा.

यावर कोणी म्हणेल, मग आवड मारून जगायचे का? नाही. सावता महाराज अरणचा मळा सोडून कुठे गेले नाहीत, देव तिथे आला. नामदेव महाराज पंढरी सोडून पंजाबात घुमानपर्यंत गेले, देव तिथेही होता. संप्रदायाने थांबणाऱ्यालाही संत म्हटले आणि जाणाऱ्यालाही. जंगलात जाणे हा काही दोष नव्हे. आणि कॅमेऱ्याने कोणाचा जीव जात नाही, ही तर मामांच्या काळापेक्षा केवढी तरी बरी गोष्ट.

आता माझी गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मीही नोकरी केली, एका सरकारी कार्यालयात. चाळिशीच्या आसपास बढती आली, मुंबईच्या बदलीसह. पगार चांगला वाढत होता. मी नाकारली. इथे चातुर्मास लागलेले होते, महालात, इतवारीत माझे कीर्तन ठरलेले असे, आषाढीला धापेवाड्याला सेवा असे. कीर्तनाचे मोल घ्यायचे नाही हा दंडक मी पाळला, त्यामुळे तिकडून घरात काही येत नव्हते. धाकट्या मुलाला अभियांत्रिकीला जायचे होते. जागा मिळत होती, फी झेपली नाही. तो दुसरीकडे वळला. आज बरा आहे, कधी बोलला नाही.

मी याला भक्ती म्हणत आलो. मामांच्या शिकारीचा दाखला देऊन मी कीर्तनात लोकांना रडवलेही आहे, छंदापायी मुलीची पाटी फोडणारा माणूस म्हणून. पण आता आवाज गेला, कीर्तन थांबले, आणि एकांतात रथाची फोड पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसते. पूर्वरंग संपून आख्यान रंगात आले की माझे डोळे समोरच्या गर्दीत काहीतरी शोधत असत. कोणती मान डोलते, कोणाचे डोळे पाणावतात. एखाद्या रात्री मान डोलली नाही तर मी घरी येऊन चिडत असे. ती शिकार नव्हती असे मी आता छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. सगळी शिकार होती असेही नाही. विठ्ठल त्यात होता, पण किती होता, त्याचे त्यालाच माहीत.

मागच्या महिन्यात मी हिला विचारले. लग्नाला पन्नास वर्षे झाली. म्हणालो, "मुंबईची बदली सोडली तेव्हा तुला वाईट वाटले होते का?" ती गवारीच्या शेंगा मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही तेव्हा विचारलं असतं, तर मी राहा असंच म्हटलं असतं."

मी विचारले नव्हते. मला आठवते, संध्याकाळी येऊन मी सांगितले होते.

पुढच्या एकादशीला तो मुलगा आला. मी म्हणालो, तुझ्याशी बोलायचे नाही, घरच्यांना घेऊन ये. तो दुसऱ्या दिवशी बायकोला आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन आला. मुलगी ओट्यावर टाळ वाजवत बसली. मी त्याच्या बायकोला विचारले, "ताई, तुझे काय म्हणणे?" ती आधी त्याच्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "महाराज, जंगल मलाही आवडते. पगाराचंही मी धकवून घेईन. पण तिथं शाळा किती दूर आहे, हे यांनी अजून सांगितलं नाही."

त्याला माहीत नव्हते. त्याने वाघांच्या वाटा पाठ केल्या होत्या, कोणत्या पाणवठ्यावर कोणती वाघीण येते ते झोपेतही सांगितले असते. मान खाली घालून म्हणाला, "पाहून येतो."

ती म्हणाली, "आपण दोघं पाहून येऊ."

ते रविवारी गेले आहेत. हा मजकूर लिहून होईपर्यंत फोन आलेला नाही.