पिल्लाचा अपराध आणि धन्याचें कर्तव्य

वाचकहो, राखणीकरितां कुत्र्याचें पिल्लूं घरीं आणण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांत सर्वत्र आहे. पहिले दोन दिवस मुलांच्या कौतुकांत जातात. तिसऱ्या दिवशीं तें माजघरांत, धान्याच्या पोत्यांजवळ किंवा अंथरुणावर घाण करितें. घरचा मनुष्य रागावतो, त्यास मानगुटीस धरून ओढीत आणितो, त्याचें नाक त्या घाणींत दाबितो आणि वर दोन फटके देतो. दुसऱ्या दिवशीं पिल्लूं पुन्हां तेंच करितें, तेव्हां तें हट्टी आहे असा निकाल दिला जातो. गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु तिच्यांत नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्यास कळत नाहीं, अथवा ज्याच्या हातीं नाहीं, त्यास अपराधी म्हणावें काय?

फ्रान्स देशांतील फालेझ गांवीं १३८६ सालीं एका मुलाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीवर खटला चालवून तिला देहान्त शिक्षा दिली गेली. आज आपणांस त्या न्यायाचें नवल वाटतें. आपल्या देशाचा कायदा सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य अपराध मानीत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंतील हा नियम २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही कायम आहे. सात ते बारा वर्षांच्या मुलाविषयीं, आपण काय करितों व त्याचा परिणाम काय होईल हें समजण्याइतकी त्याची बुद्धि पक्व होती कीं नाहीं, हें पाहावें लागतें. अपराध ठरण्यास ज्ञान आणि सामर्थ्य हीं दोन्हीं लागतात, हें यांतील तत्त्व होय.

आतां हीच कसोटी पिल्लास लावून पाहूं. प्रथम सामर्थ्य. दोन महिन्यांचें पिल्लूं लघवी फार तर दोनतीन तास रोखूं शकतें. झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर तर त्यास बहुधा लगेच जावें लागतें. यांत हट्ट कसला? दुसरें ज्ञान. जन्मानंतर सुमारें तीन आठवडे आईनें चाटल्याशिवाय पिल्लाची लघवीही होत नाहीं, व सर्व घाण आईच साफ करिते. पुढें पाय फुटले म्हणजे तें आपण होऊन निजण्याच्या जागेपासून दूर जाऊं लागतें. म्हणजे स्वच्छतेचें बीज त्याच्या ठायीं उपजत आहेच. परंतु आपलें घर कोठें संपतें आणि अंगण कोठें लागतें, हें त्यास कोणीं सांगितलें? त्याचा वाटाड्या त्याचें नाक. जेथें पूर्वींचा वास राहिला तीच जागा या कामाची, असें तें समजतें.

कोणी म्हणेल, "त्यास सर्व कळतें, धनी दारांत येतांच तें कान पाडून, शेपूट घालून कोपऱ्यांत बसतें." या समजुतीची परीक्षा अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें २००९ सालीं प्रसिद्ध केली. तिनें १४ कुत्रीं घेतलीं. मना केलेला खाऊ कधीं कुत्र्यानें खाल्लेला असे, कधीं नसे. धन्यास मात्र कधीं खरें तर कधीं खोटें सांगितलें जाई. ती अपराधी मुद्रा कुत्र्याच्या कृत्यावर नव्हे, तर धन्याच्या रागावण्यावर अवलंबून असते, असें आढळलें. उलट, निरपराध असून बोलणीं खाणाऱ्या कुत्र्यांच्या ठायीं ती अधिक ठळक दिसली. म्हणजे आपण ज्यास कबुली समजतों तें केवळ भय असतें.

मग मारानें पिल्लूं काय शिकतें? तासाभरापूर्वींच्या कृत्याशीं आतांच्या फटक्याचा संबंध त्यास जोडतां येत नाहीं. ऐन वेळीं मारलें तर मनुष्यासमोर बसणें धोक्याचें, इतकेंच तें शिकतें. म्हणून तें कणगीमागें, खाटेखालीं, अंधारांत जातें. बाहेर नेलें तरी धन्यासमोर मोकळें होत नाहीं, आणि घरांत येऊन आडोशाला बसतें. साक्षीदाराचें भय आणि चुकीचा वीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलें भय मारानें झटपट उत्पन्न होतें, आणि तें लपविण्याची विद्या शिकवितें. ज्या घरांत मुलांस केवळ छडीचाच धाक असतो तेथें हेंच पाहावयास मिळतें.

मुलांचें नांव निघालें म्हणून सांगतों. अंथरूण ओलें करणाऱ्या मुलास मारण्याची व चारचौघांत लाजविण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे. पांच वर्षांच्या वयांत शेंकडा सुमारें १५ मुलांस हा त्रास असतो. तो झोपेंत, त्यांच्या नकळत होतो, आणि बहुतेकांचा वाढत्या वयाबरोबर जातो. त्यांत आळस नाहीं कीं खोडसाळपणा नाहीं. त्या लेंकरास दिलेला मार हा फालेझचाच न्याय होय.

"तर मग शिस्तच नको काय?" शिस्त हवी, परंतु ती प्रथम धन्यानें पाळावयाची आहे. पिल्लास ठरल्या वेळीं खावयास घालावें. तें उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळल्यावर व रात्रीं निजण्यापूर्वीं त्यास अंगणापलीकडे एकाच जागीं न्यावें आणि तेथें धीरानें उभें राहावें. तें मोकळें होतांच, त्याच क्षणीं, गोंजारून भाकरीचा तुकडा द्यावा. लहान असेपर्यंत रात्रींही एकदां उठावें. घरांत बसूं लागलेलें दिसलें तर न ओरडतां उचलून बाहेर न्यावें. जमीन सारवलेली असेल तर ओली माती खरवडून काढून पुन्हां सारवावें. फरशी असेल तर वास मुळींच राहणार नाहीं अशी धुवावी. मात्र अमोनिया असलेलें द्रावण वापरूं नये, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो. शिकलेलें पिल्लूं एकाएकीं पुन्हां घाण करूं लागलें तर मूत्रमार्गाच्या विकाराची शंका घेऊन त्यास पशुवैद्याकडे न्यावें. या शिक्षणास कित्येक आठवडे, क्वचित् महिने लागतात.

आपल्या भाषेंत 'शिक्षा' या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ दंड असा झाला आहे. परंतु संस्कृतांत त्याचा अर्थ शिकविणें असा आहे. काठी उचलण्यास एक क्षण पुरतो. शिकविण्यास रोजची वेळ, झोपमोड आणि सहनशीलता लागते. म्हणूनच मनुष्य पहिला अर्थ धरून बसतो व दुसरा विसरतो. तरी, बंधुभगिनींनो, आपल्या हाताखालीं मुका जीव असो, लेंकरूं असो, कीं नवा गडी असो, हात उगारण्यापूर्वीं आपणच आपणांस तीन प्रश्न विचारावे: यास हें ठाऊक होतें काय? हें याच्यानें होण्यासारखें होतें काय? आणि मीं यास हें शिकविलें होतें काय? तिसऱ्या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर येईल, तर उगारलेला हात खालीं घ्यावा आणि त्याच हातानें शिकविण्यास आरंभ करावा.