दहावा

सज्जनहो, ज्या घरातून नुकतीच तिरडी उठली, त्या घरी आपण काय घेऊन जातो? बहुधा ज्ञान घेऊन जातो. 'देह नाशवंत आहे', 'प्रारब्धापुढे इलाज नाही', 'पांडुरंगाची इच्छा' अशी दोन-चार वाक्ये समोरच्याच्या पदरात टाकतो आणि कर्तव्य झाले म्हणून परततो. ती वाक्ये खोटी नसतात. पण त्या घडीला ती द्यायची असतात का? हा प्रश्न मला अलिबागच्या इस्रायल आळीतल्या एका घरी पडला.

बेने इस्रायल हे कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे ते परंपरेने सांगतात. भाषा मराठी, आडनावे नवगावकर, दिवेकर, किहीमकर अशी. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 1880 च्या सुमारास मुंबईत या मंडळींनी आपल्या धर्मग्रंथांतली आख्याने मराठी कीर्तनांतून सांगायला सुरुवात केली. तेव्हा वारकऱ्याला हे लोक परके वाटण्याचे कारण नाही.

त्या घरचे वडीलधारे काका गेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेलो. दार सताड उघडे होते. थोरला मुलगा जमिनीवर बसला होता. त्याचा सदरा छातीपाशी डाव्या बाजूला फाडलेला होता. आईबापासाठी अशी वस्त्राला चीर देण्याची त्यांची रीत आहे. आठ-नऊ पुरुष बसले होते. कोणी बोलत नव्हते. सगळ्यांचे डोळे दाराकडे. मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना हळूच विचारले, "काका, कोणाची वाट बघताय?"

"दहावा यायचाय."

मी चक्रावलो. अजून तिसराच दिवस, आणि यांचा दहावा आजच कसा? माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, "दहावा माणूस हो. नऊ जमलेत."

मी चटकन म्हणालो, "मग मी आहे की!"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही बसा, भाऊ. तुम्ही आलात हे बरं केलंत. पण दहावा आमच्यातलाच लागतो."

माउली, त्यांचा नियम असा आहे. मृताच्या मुलाने 'कद्दीश' नावाची प्रार्थना उभे राहून म्हणायची. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ पुरुष जमले तरच ती होते. नऊ असले, तर बाप गेलेला मुलगासुद्धा मुका राहतो. 1948 साली इस्रायल राष्ट्र झाल्यानंतर या समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. कोकणातल्या लहान गावांत आता दहा जण जमवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे.

दिवेलागण उलटून गेली, तेव्हा पेणहून एसटीने एक गृहस्थ धापा टाकीत आले. मागाहून कळले, गेलेल्या काकांशी त्यांची ओळख बेताचीच होती. ते आत आले, टोपी सारखी केली आणि उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. पण ते आले म्हणून त्या मुलाच्या तोंडून शब्द फुटला. तो एक चरण म्हणे, बाकीचे 'आमेन' म्हणून साथ देत. कीर्तनात टाळकरी धृपद धरतात, तसेच मला ते वाटले.

त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, हे नंतर समजले. अरमाईक या प्राचीन भाषेतली ती प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाच्या नामाचा गौरव करते. काळीज फाटले असताना नाम घ्यायचे, आणि ते दहाजणांत घ्यायचे. नामाचा महिमा आपण रोज गातो. पण दुःखाने कंठ दाटला की नाम एकट्याच्याने निघत नाही, त्याला दुसऱ्यांचा आधार लागतो, हे त्या लोकांनी नियमात बांधून ठेवले आहे.

त्यांचे बाकीचे नियमही असेच. शोकाचे पहिले सात दिवस घरच्यांनी बाहेर पडायचे नाही, लोकांनीच यायचे. दफनाहून परतल्यावरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी द्यायचे, घरचे अन्न शिजवायचे नाही. त्या जेवणात मसूर असतो. आपल्याकडे कित्येक माळकऱ्यांच्या चुलीवर मसूर चढत नाही. त्यांच्याकडे मात्र तो शोकाचे अन्न. कारण असे देतात की इतर डाळींना चीर असते, मसुराला तोंड नाही, आणि शोक करणाऱ्यालाही तोंड नसते. म्हणूनच आलेल्याने आधी बोलायचे नाही. घरचा बोलला तर बोलायचे. त्याने मान हलवून निरोप दिला की उठायचे.

यामागे ईयोबाची जुनी कथा आहे. त्या सज्जनाची लेकरे गेली, धन गेले, अंगावर फोड उठले. तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि हे तुझ्याच पापाचे फळ, असे त्याला पटवू लागले. शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्या बोलणाऱ्यांवरच.

वाचकहो, इथे मला आपले 'प्रारब्ध' आठवले. हा सिद्धांत स्वतःच्या दुःखाला लावला तर धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखावर फेकला तर दगड होतो. आपल्या संतांनी तो फेकला नाही. शके 1218 मध्ये आळंदीला माउलींनी समाधी घेतली, तेव्हाचे वर्णन नामदेवरायांनी केले आहे. तिथे ज्ञानाला काय तोटा होता? तरी निवृत्तिनाथांना शोक आवरला नाही, संतमंडळी रडली. कोणी कोणाला गप्प केले नाही.

कोणी म्हणेल, दहा माणसे येऊन गेलेला परत येतो का? दुःख ज्याचे त्यालाच भोगावे लागते. खरे आहे. पेणच्या त्या गृहस्थांनी मुलाचे दुःख गुंजभरही उचलून नेले नाही. पण त्या दुःखात त्याला उभे राहता येईल एवढी जमीन त्यांनी दिली. आज ज्याच्यासाठी नऊजण आले, तो उद्या दुसऱ्याच्या दारी दहावा म्हणून जाणार. म्हणून त्याला उपकाराचे ओझे वाटत नाही. ते फिरते ऋण आहे.

मी दहावा होऊ शकलो नाही. निघताना अंगणातल्या खुर्च्या आवरल्या, घरी येऊन चहाची किटली भरून पाठवली. जे माझ्या वाट्याचे होते ते एवढेच.

आपल्याकडे तेराव्यापर्यंत दारात चपलांना जागा नसते आणि चौदाव्या दिवशी घर ओस पडते. तुमच्या दिंडीत गेल्या वर्षी जोडीने चालणारे, यंदा एकटे असलेले कोणी असेल. कर्जापायी धनी गेलेली एखादी माय तुमच्याच आळीत असेल. तिला प्रवचन नको आहे. हरिपाठाच्या वेळी तिच्या ओसरीवर जाऊन बसा. ती म्हणाली तर साथ द्या. नाही म्हणाली, तर तिच्या वाट्याचे तुम्ही म्हणा. नऊ जमले असतील. दहावे तुम्हीच असाल.

रामकृष्णहरी.