आज कुणाला हसायचं?

ताज्या बातम्यांवर विनोद करणाऱ्यांना रोज सकाळी कोऱ्या पाटीसमोर बसावं लागतं. कालचा विनोद आज शिळा झालेला असतो. अमेरिकेतल्या ‘द डेली शो’ची मंडळी वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत. सकाळी बातम्या पाहायच्या, दुपारी तालीम, तालमीत जे पडलं ते पुन्हा लिहायचं, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण आणि रात्री अकराला प्रक्षेपण. हा कार्यक्रम २२ जुलै १९९६ रोजी कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर सुरू झाला, तेव्हा क्रेग किलबॉर्न त्याचे सूत्रधार होते. सुरुवातीला त्यात बातमीपत्राची नक्कल असे. वार्ताहर सूटबूट घालून लहानसहान गावांत जात. कुणी उडती तबकडी पाहिल्याचं सांगणारा, कुणी विचित्र छंद असलेला, अशा माणसांसमोर गंभीर चेहऱ्यानं बसत, प्रश्न विचारत आणि त्यांचं हसं होत असे. प्रेक्षक हसायचे. पण ते काम करणाऱ्यांनाच आतून बरं वाटत नव्हतं. त्यांच्यातले स्टीफन कोलबेअर पुढे म्हणाले होते, की असल्या कामासाठी विमानात बसण्याआधी आपला आत्मा काढून कपाटात हँगरला टांगून ठेवावासा वाटे. मला हे वाक्य फार प्रामाणिक वाटतं. घरी बोलावून चहा देणाऱ्या साध्या माणसाची फजिती करून परतताना मन खात असणारच.

११ जानेवारी १९९९ला जॉन स्टुअर्ट सूत्रधार झाले आणि कार्यक्रम हळूहळू वळला. एका रात्रीत नव्हे. जुन्या लेखकांपैकी काहींना हा बदल रुचला नाही, काही सोडूनही गेले. स्टुअर्ट यांचा रोख साधा होता. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना हसायचं. जे मोठ्या आवाजात बातम्या देतात आणि नेमकं विचारायचं तेच विसरतात, त्यांना हसायचं. गावातल्या भाबड्या माणसाला सोडून द्यायचं. पुढे २०००ची अध्यक्षीय निवडणूक आली. ७ नोव्हेंबरला मतदान झालं, फ्लोरिडातल्या मतमोजणीचा घोळ मिटेना, आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा येईपर्यंत देश ताटकळला. त्या निवडणुकीवरच्या ‘डेली शो’च्या भागांना पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळाला. कार्यक्रमाला त्याचा सूर सापडला होता, आणि त्या सुराला त्याचा प्रेक्षकही. गंमत अशी, की टेबल, सूट, गंभीर चेहरा हे सगळं पूर्वीचंच होतं. कोलबेअरही तेच. फक्त विनोदाचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. आपल्या वगातला सोंगाड्या तरी आणखी काय करतो? तो समोरच्या गर्दीतल्या गरिबाला सोडतो आणि राजाला, प्रधानाला, कोतवालाला धरतो.

आपण काही टीव्हीवर कार्यक्रम करत नाही. पण घरात, गाडीत, ऑफिसात रोज थोडा विनोद तर करतोच, आणि तो करावाच. ज्या घरात सकाळी एकदा तरी हसू फुटतं, तिथल्या माणसांचा दिवस हलका जातो. फक्त हा विनोद बहुतेक वेळा जवळ जो मऊ सापडेल त्याच्यावर जातो. सासूबाईंनी मोबाइलवर पाठवलेला चुकीच्या अक्षरांचा निरोप. नव्यानं लागलेल्या मुलाचं अडखळतं इंग्रजी. वऱ्हाडातून आलेल्या सहकाऱ्याची बोली. घरकामाला येणाऱ्या मावशींनी एखाद्या वस्तूला ठेवलेलं भलतंच नाव. यात कुणाचं मन दुखवायचा हेतू नसतो. सगळे हसतात, ज्याच्यावर विनोद झाला तोही हसतो. पण तो किंचित उशिरा हसतो. इतरांचा चेहरा पाहून, आता हसायचं आहे हे कळल्यावर. तो उशीर एकदा दिसायला लागला, की पुढे प्रत्येक वेळी दिसतो. आणि तो दिसणं चांगलंच आहे. त्यानं विनोद बंद पडत नाही, त्याला दुसरी वाट मिळते.

ती वाट कुठली, हे ठरवायला फार विचार लागत नाही. खोलीत त्या घडीला सगळ्यांत बळकट कोण आहे, एवढंच पाहायचं. पुष्कळदा ते आपणच असतो. आई मुलांसमोर बळकट असते, साहेब कारकुनासमोर, नोकरीत मुरलेला नवख्यासमोर, शहरात वाढलेला गावाहून आलेल्यासमोर. अशा वेळी विनोद स्वतःवर घ्यावा. बाबांनी आपल्याच घोरण्याची नक्कल केली, तर मुलं पोट धरून हसतात आणि कुणालाही उशीर होत नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये आपलीच विसरलेली तारीख सांगितली, की नवा मुलगा खुर्चीत जरा सैलावून बसतो. कुणाला वाटेल, अशानं थट्टेतली मजा जाईल. उलट ती वाढते, कारण आता हसणाऱ्यांत एक माणूस जास्त असतो. ही सवय लगेच लागत नाही. ‘डेली शो’मध्ये तर पगार घेऊन विनोद लिहिणारे लोक होते, आणि त्यांनाही स्टुअर्ट आल्यापासून त्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ दोन वर्षं लागली. तेव्हा एखाद्या दिवशी जुनाच विनोद तोंडातून गेला, तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी असते. आज जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर कुणी तरी थट्टा सुरू करेलच. त्यात जरूर भाग घ्या. एक विनोद तुमचाही असू द्या, आणि तो कोपऱ्यात गप्प बसलेल्यालाही मनापासून हसता येईल असा निवडा.