दांपत्याचा प्रवास आणि पाण्याचे ऋण

गृहस्थाश्रमातील सुखाला धर्माच्या व्यवस्थेत स्वतःचे स्थान आहे, की ती केवळ चालवून घेतलेली सवलत आहे, हा प्रश्न भारतीय विचारात जुना आहे. अलीकडे मात्र तो नव्या रूपात ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांतील घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. लग्नानंतर कुलदैवताला, म्हणजे कुणी जेजुरीच्या खंडोबाला तर कुणी कार्ल्याच्या एकवीरेला जाऊन येणे, हा जोडप्याचा पहिला प्रवास मानला जाई आणि बहुतेक घरांत आजही मानला जातो. त्याला जोडूनच नोकरी करणारी तरुण जोडपी आता मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानातील स्वराजद्वीपाला जाण्याचा बेत करतात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरण्याचा, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेऊ पाहतात. वडीलधाऱ्यांना पहिल्या प्रवासाचे कारण विचारावेसे वाटत नाही. दुसऱ्याचे विचारले जाते, आणि त्याला ‘मजा’ हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ते पुरेसे मानावे की नाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पुरुषार्थ म्हणजे माणसाने आयुष्यात साधावयाची उद्दिष्टे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष अशी ती चार मानली आहेत. त्यांपैकी कामाची जी व्याख्या वात्स्यायनाने कामसूत्राच्या आरंभी केली आहे, ती प्रचलित समजुतीपेक्षा पुष्कळ व्यापक आहे. कान, त्वचा, डोळे, जीभ आणि नाक ही इंद्रिये, आत्म्याशी जोडलेल्या मनाच्या देखरेखीखाली, आपापल्या विषयांत अनुकूलपणे प्रवृत्त होणे म्हणजे काम, असे तो सांगतो. त्यामुळे गाणे ऐकणे, चांगले जेवणे आणि निळ्या पाण्यातील मासे पाहणे हे सारेच त्या व्याख्येत बसते, आणि मनाची देखरेख ही अटही तिच्यातच येते. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात तर धर्माला विरोधी नसलेल्या कामाला ईश्वराचेच रूप म्हटले आहे. याविरुद्ध कठोपनिषदाचा दाखला दिला जातो. त्यात श्रेय, म्हणजे हिताचे, आणि प्रेय, म्हणजे नुसते आवडणारे, असा भेद केला आहे, आणि यमाने देऊ केलेली सारी सुखे नचिकेत्याने नाकारली आहेत. परंतु नचिकेता हा अविवाहित कुमार होता आणि त्याची निवड मोक्षाच्या जिज्ञासूची होती. तीच कसोटी गृहस्थाला जशीच्या तशी लावणे म्हणजे आश्रमव्यवस्थेलाच डावलणे होय. ज्या वारकरी परंपरेची मुळे या दोन तालुक्यांच्या गावोगावी हरिनाम सप्ताहांतून दिसतात, तिने एकनाथांसारख्या संसारी पुरुषाला संतपद दिले, ही गोष्ट अशा वेळी हटकून विसरली जाते.

जोडप्याने मिळून प्रवास करण्याबाबत तर शास्त्राचा कल स्पष्ट आहे. पद्मपुराणाच्या भूमिखंडात कृकल नावाच्या वैश्याची कथा आहे. तो पत्नी सुकलेला घरी ठेवून एकटाच तीर्थयात्रेला गेला, आणि सहधर्मचारिणीला, म्हणजे धर्माचरणातील जोडीदारिणीला, मागे ठेवून केलेली यात्रा निष्फळ ठरली, असे त्याला सांगण्यात आले. पुण्य एकट्याने बांधून आणता येत नाही, हा त्या कथेचा रोख आहे. शिवाय यात्रा आणि मौज यांच्यामध्ये आज जी भिंत मानली जाते ती लोकजीवनात फारशी कधी नव्हतीच. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत खांबलिंगेश्वराचा नवस फेडणे, बैलांची खरेदी-विक्री, घोंगड्यांची आणि मिठाईची दुकाने, आकाशपाळणे हे सारे एकाच आवारात, एकाच दिवशी चालते, आणि नवस फेडून आलेले जोडपे पाळण्यात बसले म्हणून नवस बाटला असे कुणी म्हणत नाही.

समुद्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना माणसाला पतित करणाऱ्या कर्मांत केली. पुढे कलिवर्ज्य, म्हणजे पूर्वी चालत असले तरी कलियुगात टाळावयाच्या गोष्टी, अशा ज्या याद्या धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांच्या कर्त्यांनी केल्या, त्यांतही नावेने समुद्र ओलांडणारा द्विज प्रायश्चित्तानंतरसुद्धा व्यवहाराला अयोग्य ठरवला गेला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या याद्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे, आणि ती वाचताना ठळकपणे जाणवते ते असे की एका काळाने निषिद्ध मानलेले दुसऱ्या काळात रूढ होते व उलटही होते. ज्या कल्याणातून मुरबाडचा रस्ता फुटतो, त्या कल्याणात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. पती गोपाळराव त्या वेळी मागे राहिले आणि समुद्र त्यांनी पतीविना ओलांडला. अंदमानचे नाव मराठी घरात त्यानंतर कित्येक दशके निराळ्याच धसक्याने घेतले जाई, कारण 1911 ते 1921 या काळात सावरकर तेथील सेल्युलर जेलमध्ये होते आणि काळे पाणी म्हणजे परत न येण्याची वाट, हीच त्या बेटांची ओळख होती. ज्या बेटाला 2018 पर्यंत हॅवलॉक म्हणत आणि आता स्वराजद्वीप म्हणतात, तेथे नवविवाहितांनी सुखासाठी जावे, हा पालट शास्त्राच्या कोणत्याही नव्या निर्णयाने झालेला नाही; तो जगण्याने झाला आहे, आणि धर्मविचाराने तो मोकळेपणाने मान्य करावा, हेच योग्य आहे.

या प्रवासाला केवळ चैन म्हणून बाजूला सारता येत नाही, याचे अधिक सबळ कारण पाण्याखाली उतरण्याच्या क्रियेतच आहे. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे फुप्फुसात भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर तिचे आकारमान दुपटीने वाढू पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये, तो सावकाश आणि अखंड चालू ठेवावा. योगशास्त्रात कुंभक, म्हणजे श्वास आत किंवा बाहेर थांबवून धरणे, हे प्राणायामाचे महत्त्वाचे अंग आहे. त्याच्या नेमका उलट हा नियम दिसतो, पण दोहोंचा परिणाम मनावर सारखाच होतो, कारण दोन्हीकडे एरवी नकळत चालणाऱ्या श्वासाकडे सारे लक्ष द्यावे लागते. संयम म्हणजे नेहमी थांबवणेच असते असे नाही. कधी कधी न थांबता एका लयीत चालत राहणे हाच संयम असतो. खाली जाताना नाक चिमटीत धरून कानांतील दाब वारंवार सारखा करावा लागतो. बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ठीक आहे, आणि वर केलेला अंगठा म्हणजे शाबासकी नव्हे तर वर चला, अशी खूण असते. प्रकाशातील लाल छटा पाणी सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे नववधूच्या हातावरची मेंदी आणि कपाळावरचे कुंकू काही मीटरांतच काळपट दिसू लागते, आणि वर आल्यावर पुन्हा लाल होते.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांना प्रशिक्षक हात धरून नेतो, त्यामुळे पुढील विचार रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या जोडप्यालाच पुरता लागू पडतो. अशा पाणबुड्यांनी दोघांच्या जोडीने राहावे, एकमेकांची साधने पाण्यात शिरण्यापूर्वी तपासावी आणि दुसऱ्याची हवा संपली तर देण्यासाठी जादा मुखनळी जवळ बाळगावी, असा दंडक आहे. प्रत्येकाची टाकी स्वतंत्र असते, कुणी कुणाकरिता श्वास घेऊ शकत नाही, आणि तरीही एकाच्या हवेत दुसऱ्याचा वाटा आधीच धरलेला असतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती पतीसाठी प्रिय नसतो आणि पत्नी पत्नीसाठी प्रिय नसते, ती आत्म्यासाठी प्रिय असतात. हे वचन वरवर कोरडे वाटते, पण दांपत्य म्हणजे एकाने दुसऱ्यात विरून जाणे नव्हे, हे जितके त्यातून कळते तितके ते क्वचितच दुसरीकडून कळते. लग्नात धर्म, अर्थ आणि काम या तिहींत जोडीदाराला सोडून मर्यादा ओलांडणार नाही असे वचन वर देतो, आणि त्या वचनाची कामाच्या क्षेत्रातील इतकी रोखठोक परीक्षा घरच्या चार भिंतींत सहसा होत नाही.

येथवर हा प्रवास धर्माला विरोधी नाही असे म्हणता येते. पण तो कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न उरतोच, आणि ठाणे जिल्ह्यात तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच जिल्ह्यात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलेला आदिवासी तरुण ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबे आणि नवी नवरीही त्याच्याबरोबर राबे. लग्नाचा विधी हाच गुलामीचा करार ठरे. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध जो लढा दिला, त्याने ही प्रथा मोडली. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला. तरीही शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतील अनेक कातकरी जोडपी आजही दिवाळीनंतर बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, उचलून लेकराबाळांसह वीटभट्टीवर जातात, आणि लग्नानंतरचा त्यांचा पहिला प्रवास तोच असतो. काम हा जर पुरुषार्थ आहे तर तो माणूसमात्राचा आहे. ज्याच्या वाट्याला तो येत नाही त्याचा पुरुषार्थच हिरावला गेला आहे, असे म्हणावे लागते. यावरून बेटावर जाणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावे असे निघत नाही. लग्नासाठी उचल घ्यावी लागणाऱ्या शेजाऱ्याचा प्रश्न हा आपल्याही गृहस्थधर्माचा भाग आहे, एवढे मात्र निघते.

शेजाऱ्याचे हे एक ऋण झाले; दुसरे ऋण पाण्याचे आहे. प्रवाळ हा दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत असते. तिच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल तिला अन्न आणि रंग पुरवते, आणि समुद्र फार तापला की ते निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडते, जसे अंदमानात 2010 साली मोठ्या प्रमाणावर पडले. भरीव प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर होते, त्यामुळे पायात घातलेल्या पोहण्याच्या पंखाच्या एका फटक्याने मोडलेला तुकडा पुन्हा तेवढा व्हायला अनेक वर्षे लागतात. पाहावे पण हात लावू नये, ही शिस्त या भागाला परकी नाही. शेजारच्या वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातील मासे तिळसेश्वराचे मानले जातात आणि त्यांना कुणी पकडत नाही. किनाऱ्यावरचे कोळी पावसाळ्यात मासेमारी थांबवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. पर्वकाळाखेरीज समुद्रस्नान करू नये असाही एक जुना संकेत आहे. त्यामागे भय असेल, पण समुद्र हा वाटेल तेव्हा वापरावयाचा जिन्नस नाही ही जाणीवही त्यात आहे. तीर्थात नियम असतात आणि सहलीत नसतात, हाच त्या दोहोंतील खरा भेद मानला, तर समुद्राखाली नियम पाळून उतरणारे जोडपे सहलीपेक्षा तीर्थाच्या अधिक जवळ जाते.

किनाऱ्यावर परतल्यावर मात्र बहुतेक नियम संपतात. लक्षद्वीपसारख्या प्रवाळाच्या लहान बेटांवर गोडे पाणी म्हणजे पावसाने साठलेला, जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर असतो. त्यातून अधिक उपसा झाला की विहिरी खाऱ्या होतात. पाहुण्याचा शॉवर त्याच थरातल्या पाण्यावर चालतो आणि चादरी त्याच पाण्याने धुतल्या जातात. ही गोष्ट समजून घेण्यास शहापूरच्या माणसाइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. तानसा धरण 1892 साली पुरे झाले, पुढे भातसा झाले, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार आज एकटे भातसा धरण उचलते. त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर आटलेल्या विहिरीत पाणी ओततो आणि ते गढूळ व्हायच्या आत पोहरे सोडण्यासाठी हंडे-कळश्या घेतलेल्या बायकांची कठड्याभोवती दाटी होते. मुरबाडच्या बाजूला बारवी धरणाने गावे उठवली आणि पाणी कारखान्यांना व शहरांना गेले. पावसाळ्यात माळशेजला आणि उरलेल्या वर्षात येथील शेतघरांवर व रिसॉर्टांवर शहरातली जोडपी शांतता शोधायला येतात. त्यांच्या दृष्टीने हे दोन तालुके म्हणजे जवळचे एखादे निवांत बेटच आहे, आणि तरणतलाव भरलेला असताना पलीकडच्या पाड्यात नळ कोरडा का, हे त्यांच्यापैकी फार थोडे विचारतात.

महाभारताच्या अनुशासनपर्वात धर्माचे सार असे सांगितले आहे की जे स्वतःला प्रतिकूल वाटते ते दुसऱ्याशी करू नये. वडीलधाऱ्यांनी ही कसोटी लावावी आणि प्रवास जेथे तिला उतरतो तेथे मुलासुनेला मोकळ्या मनाने निरोप द्यावा. कुलदैवताला जाताना देतात तसाच द्यावा. आणि जाणाऱ्यांनी तारकर्ली असो की स्वराजद्वीप, माशांना पाव टाकून छायाचित्रे काढू नयेत, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नये, आणि खोली ठरवतानाच एक प्रश्न विचारावा: येथे पाणी कोठून येते, आणि ते टँकरने येत असेल तर कुणाच्या विहिरीतून येते.