भिवपुरीची खूण कोणती?

पावसाळ्यात कर्जत लोकलने नेरळ सोडलं की डब्यात एक संवाद हमखास कानावर पडतो. "भिवपुरीला काय आहे?" "धबधबा." परवा त्यात "आणि फार्महाऊस" अशी भर पडली. तेवढ्यात भिवपुरी संपली. मला ते लागलं. ज्या गावातून १९२२ पासून मुंबईला वीज जाते आहे, त्याची ओळख एका ओल्या रविवारापुरती उरावी?

जमशेटजी टाटांचं जलविजेचं स्वप्न, खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७ हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून विलक्षण वाटतो तो पाण्याचा प्रवास. आंध्रा नदी मावळातली. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी मुळात बंगालच्या उपसागराचं. ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, डोंगरातून कड्यापर्यंत आणलं आणि पाचशे मीटरहून खाली भिवपुरीच्या पॉवर हाउसवर सोडलं. तिथून ते उल्हास नदीत उतरतं आणि वसईच्या खाडीने अरबी समुद्राला जातं. माणसांनी एका नदीचा समुद्र बदलला, तो या गावात.

औद्योगिक गाव म्हटलं की डोळ्यांपुढे चिमण्या येतात. मँचेस्टर, ओल्डहॅमच्या कितीतरी गिरण्यांत आता लोक राहतात. आपल्याकडे लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला आणि चिमणी तेवढी राखली. भिवपुरीला चिमणी कधी नव्हतीच. उलट खोपोली-भिवपुरीच्या विजेवर गिरण्यांचे माग फिरू लागले, तेव्हा परळच्या चिमण्यांचं काम कमी होत गेलं. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, भोंगे गेले. जिच्यासाठी वीज काढली ती गिरणी संपली आणि वीज काढणारं पॉवर हाउस मात्र आजही चालू आहे. तरी लोक फोटो काढतात तो चिमणीचा.

यावरून मी खुणांचे दोन प्रकार करतो: पाहायच्या खुणा आणि वापरायच्या खुणा. पाहायची खूण बहुधा काम थांबल्यावर जन्माला येते. भोंगा वाजत होता तोवर त्याला कुणी वारसा म्हटलं नाही. लोक त्यावर उठत होते, डबा भरत होते, पाळीला जात होते. वापरायची खूण दिवसाला वळण लावते आणि म्हणूनच नजरेत भरत नाही.

कर्जत स्टेशनच घ्या. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावायची, म्हणून गाडी इथे थांबायची. त्या चार-पाच मिनिटांवर फलाटावरच्या वड्यांचा धंदा उभा राहिला. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला तो घाटाच्या चढामुळे, असं मी तरी मानतो. थांबा गेला तर वडा चवीला तोच राहील, पण त्याला कर्जतचा म्हणायचं कारण उरणार नाही.

माझी मागणी साधी होती. भिवपुरी रोड स्टेशनवर पॉवर हाउसची माहिती लावावी आणि पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एखादं छोटं संग्रहालय करावं. कर्जतच्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तो कंपनीचा इतिहास आहे हो, गावाचा नाही. वीज इथून निघाली, इथे थांबली नाही." मी जोरात प्रतिवाद केला. पॉवर हाउसच्या कॅम्पातल्या क्वार्टर्समध्ये माणसं राहिली, त्यांची मुलं इथे वाढली, हात इथे तयार झाले, हा गावाचा इतिहास नाही तर काय? हे मी अजूनही म्हणतो. शिक्षकांचं म्हणणं निम्मं चूक आहे, कारण मजुरीचा इतिहास मालकाच्या नावावर लिहून टाकायचा नसतो. पण उरलेलं निम्मं मला खोडता आलं नाही. डोक्यावरून मुंबईच्या तारा गेल्या आणि त्यांच्याखालच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत दिवा फार उशिरा पोहोचला. त्या वाडीतल्या म्हाताऱ्याने कोणत्या अभिमानाने माझं संग्रहालय पाहायचं?

मग गावाची म्हणावी अशी खूण कोणती? ती मला एप्रिलमध्ये राजनाला कालव्यावर सापडली. वीज काढून झालेलं पाणी यात वळवलं जातं. बांधाच्या एका अंगाला भेगाळलेली जमीन, गेल्या हंगामाचं वाळलेलं धसकट, धूळ. दुसऱ्या अंगाला पोटरीत आलेला भात आणि खाचरात घोटाभर पाणी. बायका कालव्याच्या कडेला कपडे धूत होत्या. ऐन उन्हाळ्यात कोकणात भात उभा आहे तो मावळातल्या पावसावर. पुढे हेच पाणी उल्हास नदीतून बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. भिवपुरी म्हणजे फक्त धबधबा म्हणणाऱ्या पोरांपैकी काहींनी सकाळी अंघोळ या पाण्याने केली असेल.

म्हणून संग्रहालयाचा आग्रह मी मागे ठेवतो. भिवपुरीत जपायचं आहे ते पाण्याचं येणं. आणि ते आता नव्या वळणावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात भिवपुरीच्या १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा करार झाला. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. देशाला अशा साठवणीची गरज आहे आणि माझा तिला विरोध नाही. पण आजवर जे पाणी खाली आलं की शेताकडे जात होतं, त्याच्या जाण्या-येण्याचं वेळापत्रक त्यामुळे बदलणार आहे का, हे कालव्यावरच्या शेतकऱ्याला आधी कळलं पाहिजे. वरच्या भीमा खोऱ्यातले लोकही या पाण्यावर हक्क सांगतात आणि त्यांचंही ऐकावं लागेल. तेव्हा कर्जतच्या ग्रामसभांनी एक ठराव करावा: उन्हाळी भाताला राजनाल्यात किती पाणी, कोणत्या तारखांना सुटेल, हे प्रकल्पाच्या कागदात लिहून घ्यावं.