दोन किरणोत्सवांमधली बाग



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातलं, श्लोक २६. तुमच्यातल्या कित्येकांना पाठ असेल. पान, फूल, फळ, पाणी एवढ्याचीच यादी. मला तिचा क्रम आवडतो. पान आधी, फूल नंतर. थंडीत बाग सांभाळणाऱ्याला हा क्रम लगेच पटतो.

इथे कोल्हापुरात ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवळात शिरून थेट अंबाबाईच्या मूर्तीकडे येतात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा येतात. मधोमध २१ डिसेंबर, दोन्हीकडे ४१-४२ दिवस. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा, परत येताना एकदा. माझ्या लेखी थंडी म्हणजे या दोन किरणोत्सवांमधले दिवस.

आमचं अंगण जेमतेम एका खोलीएवढं. दसरा-दिवाळीचा झेंडू उतरणीला लागतो, पारिजातक थकतो, तुळशीला पानं कमी आणि मंजिऱ्या जास्त. चाफ्याची तर पानंच गळतात, नुसत्या राखाडी फांद्या उरतात. जास्वंद दिवसाला एखादंच फूल देते. आणि ते एक फूल आई पहाटे सहाला, नीट उमलायच्या आतच, परडीत घालायची. सात वाजता अंगणात बघायला काही नाही.

याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. मागच्या थंडीत आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिची कॉट खिडकीपाशी आली. देवघर आतल्या खोलीत, तिथवर तिला जाता येईना. दिवसभर समोर फक्त अंगण.

मी उत्साहानं शेवंतीच्या कुंड्या आणल्या आणि बोडका चाफा झाकला जाईल अशा मांडल्या. आजी म्हणाली, "त्या बाजूला घे बघू. चाफ्याची सावली दिसंना झालीया." थंडीचं ऊन तिरकं, त्यामुळे त्या फांद्यांची सावली कंपाउंडच्या भिंतीवर लांबच लांब पडायची आणि दुपारपर्यंत सरकत राहायची. ती सावली बघत आजी वेळ सांगायची! मी ज्याला लपवत होतो, तेच तिचं घड्याळ होतं. (शेवंती पण छान फुलली, पण तिचं कौतुक मलाच जास्त.)

मग मार्गशीर्षातला गुरुवार आला. बाजारात फुलांचे भाव चढलेले. कलशाला पत्री अंगणातलीच मिळाली, फूल मात्र एकच, आजीच्या खिडकीसमोरचं. आई परडी घेऊन गेली आणि थांबली. काढलं तर आजीच्या समोरून जाणार, ठेवलं तर देवीला काय?

आपल्याकडे वास घेतलेलं फूल देवाला वाहत नाहीत, ते उष्टं मानतात. मग बघितलेलं फूल? डोळे भरून तासभर बघितलं तर ते उष्टं होतं का? मी बराच विचार केला, आणि मला वाटतं, नाही होत. वास घेतला की आपण त्यातलं काही घेतलं असं आपण मानतो. बघण्यानं काहीच कमी होत नाही. आणि खाटेवरच्या म्हातारीला अंगण रिकामं ठेवून भरलेलं देवघर मला थोडं अवघड वाटतं. तुम्हाला कसं वाटतं, कळवा.

आईनं त्या दिवशी काही वाद घातला नाही. आजीचा चहा झाला, ऊन भिंतीवर आलं, फूल पूर्ण उमललं. नऊ वाजून गेले तेव्हा आजीच म्हणाली, "काढ की आता. माझं बघून झालं."

तेव्हापासून आमच्याकडची पूजा नऊला होते.