खेळातील कौशल्य आणि संसारातील कर्म

रात्रीचे जेवण आटोपले आहे, घरातील वडीलधारी मंडळी निजण्याच्या तयारीत आहेत आणि मुलगा मात्र हातातील पडद्यावर चाललेल्या खेळात गढून गेला आहे, हे दृश्य आज घरोघरी दिसते. वडील म्हणतात, "हा वेळ व्यर्थ गेला." मुलगा उत्तर देतो, "या खेळाने नजर तीक्ष्ण होते, निर्णय चटकन घेता येतो. पुढे याचा उपयोगच होईल." या दोघांत खरे कोणाचे? एका कर्मात मिळविलेले कौशल्य दुसऱ्या कर्मात कितपत उतरते आणि ते उतरल्याने मनुष्य अधिक चांगला होतो काय, असा मूलगामी प्रश्न या घरगुती वादात दडलेला आहे. शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे प्रथम मुलाचा पक्ष पुरतेपणी ऐकला पाहिजे.

तो पक्ष दुर्बळ नाही. पोटाला लहानशी छिद्रे पाडून, आत दुर्बीण घालून, समोरच्या पडद्याकडे पाहत लांब उपकरणांनी शस्त्रक्रिया करण्याची एक पद्धत आहे. तिच्या सरावाची कामे न्यूयॉर्क येथे ३३ शल्यचिकित्सकांना देण्यात आली व त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला ३ तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या हातून, कधीच न खेळलेल्यांच्या तुलनेने, ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचे काम २७ टक्के जलद झाले. याचे कारणही समजण्याजोगे आहे. खेळात आणि या शस्त्रक्रियेत नजर पडद्यावर व हात अन्यत्र असतात. सपाट चित्रावरून खोलीचा अदमास घ्यावा लागतो.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या कशा पडतात, हे शोधण्याचे काम 'फोल्डइट' नावाच्या खेळाच्या रूपाने सर्वसामान्यांपुढे ठेवण्यात आले. माकडांत एड्ससारखा रोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. २०११ साली या खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचा असा नमुना तयार केला, की त्याच्या आधाराने शास्त्रज्ञांना ती रचना निश्चित करता आली.

तथापि, या पक्षाची मर्यादाही पाहणे अवश्य आहे. शल्यचिकित्सकांची ती परीक्षा सरावाच्या साधनांवर झाली होती, रुग्णाच्या देहावर नव्हे. शिवाय खेळामुळे हात कुशल झाले, की मुळात कुशल हातांनाच खेळाची गोडी लागली, याचा निर्णय अशा तुलनेने होत नाही. २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून झालेल्या एका अभ्यासात, व्हिडिओ गेमच्या सरावाने सर्वसाधारण बुद्धिसामर्थ्य वाढते याला भक्कम आधार आढळला नाही. तात्पर्य, कौशल्य शेजारच्या शेतात पाझरते. डोंगर ओलांडून पलीकडे जात नाही. पडद्यावर रथ हाकणाऱ्याची नजर आणि हात यांना वळण लागेल. पण तेवढ्याने त्याला हिशेब उमजेल किंवा माणसे सांभाळता येतील, असे मानणे भ्रम होय.

येथवर विचार उपयुक्ततेचा झाला. खरा प्रश्न त्यापुढचा आहे आणि महाभारतातील नलाख्यानाने तो फार पूर्वी मांडला आहे. कलीने ग्रासलेला नल द्यूतात पुष्कराकडून हरला आणि राज्याला मुकला. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो विदर्भाकडे निघाला असता, वाटेत राजाने बेहड्याच्या झाडावरील फळांची संख्या केवळ दृष्टिक्षेपाने सांगितली. नलाने रथ थांबवून फळे मोजली, तो संख्या बरोबर निघाली. अश्वविद्या देऊन नलाने त्याच्याकडून फाशांचे ते रहस्य, अक्षहृदय, मिळविले आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला. पुढे त्याच द्यूताने नलाने राज्य परत जिंकले आणि पुष्कराला क्षमा केली. ही कथा वनवासी युधिष्ठिराला सांगून बृहदश्व ऋषींनी त्यालाही ती विद्या दिली. ज्या खेळाने युधिष्ठिराचे सर्वस्व हरण केले, तोच खेळ अज्ञातवासात विराटाच्या सभेत कंकाच्या वेषाने राहताना त्याच्या उपयोगी पडला.

फासे पूर्वी होते तेच नंतरही होते. पालटला तो खेळणारा. पूर्वी खेळ त्याचा स्वामी होता, नंतर तो खेळाचा स्वामी झाला. गीतेने कर्मातील ज्या कौशल्याला योग म्हटले आहे, ते भाष्यकार शंकराचार्यांच्या मते केवळ हातचलाखी नव्हे. यशापयशात समत्व राखणारी बुद्धी ते कौशल्य होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, २०२२ पासून अमलात आलेल्या आवृत्तीत, खेळावरील ताबा सुटणे, इतर कर्तव्यांहून खेळाला अग्रस्थान मिळणे आणि हानी दिसत असूनही तो चालूच राहणे, या लक्षणांच्या विकाराची नोंद आहे. कलीचा संचार यापेक्षा निराळा तो काय?

आणखी एक भेद विसरता कामा नये. खेळात हरलेला पुन्हा आरंभ करू शकतो. न खचता पुन्हा प्रयत्न करण्याचा अभ्यास हा खेळाचा खरोखर मोठा गुण आहे. परंतु शल्यचिकित्सकाच्या हाताखाली जो देह असतो, त्याला दुसरा डाव नसतो. म्हणून खेळातील धैर्य संसारात आणताना त्याच्या जोडीला उत्तरदायित्वाचे भान आणावे लागते. ते भान पडदा देत नाही. ते घरातच द्यावे लागते.

म्हणून गृहस्थाने मुलाच्या हातातील साधन रागाने हिसकावून घेण्यापूर्वी त्याच्या शेजारी घटकाभर बसावे आणि विचारावे, "आज कोठे हरलास? का हरलास?" जो मुलगा आपली चूक शांतपणे दाखवू शकतो आणि आईने हाक मारताच डाव अर्धा टाकून उठू शकतो, त्याचे कौशल्य उद्या कामास येईल. ज्याला उठता येत नाही, त्याने खेळात कितीही विजय मिळविले, तरी तो अजून हरतोच आहे. आणि त्याला उठावयास शिकविणे हे वडिलांचे कर्म आहे. मात्र ते शिकविताना वडिलांच्या स्वतःच्या हातातील पडदाही खाली ठेवलेला असला पाहिजे.